अर्ध्यावर थांबलेला काटा

विश्रांतवाडी, पुणे
४ ऑगस्ट २०२४

प्रिय कुसुमताई,

सप्रेम जय भीम.

फोन हाताशी असताना पत्र कशाला, असं तुम्ही म्हणालच. पण फोनवर सांगायला घेतलं की तुम्ही पहिल्या वाक्यालाच निदान करून मोकळ्या होता, आणि माझं सांगायचं राहून जातं. आय.टी.आय.मध्ये मोटर मेकॅनिकच्या मुलांना शिकवून शिकवून तुम्हाला ती सवय लागली आहे. पत्रात तरी मला मध्येच तोडता येणार नाही.

तर ऐका. मी यांची गाडी चालवते आहे. आयुषला माहीत नाही. तुमचे दादा गेल्यानंतर वर्षभर ती खाली पार्किंगमध्ये कव्हर घालून उभी होती. जूनमध्ये एका रविवारी पहाटेच जाग आली, खाली गेले आणि कव्हर काढलं. गॅरेजवाल्या समर्थनं नवी बॅटरी बसवून दिली. तेव्हापासून दर रविवारी सकाळी, रस्ते रिकामे असताना, मी निघते. कुठे जायचं ते ठरलेलं नसतं.

खडकीतली ती मोठी झाडं आठवतात ना, दोन्ही बाजूंनी वर जाऊन एकमेकांत मिसळलेली? त्यांच्याखालून जाताना मी काचा खाली करते. गाडीत अजून यांचा वास आहे, खोबरेल आणि लवंगेचा. कधी पाषाणच्या तळ्यापर्यंत जाते. त्या वेळी पाणी आणि आभाळ एकाच रंगाचं असतं, मधली रेघ सापडत नाही. मी गाडीतच बसून राहते. वाटतं, हे पलीकडे चहा सांगायला गेलेत, येतीलच. मग ऊन येतं, माणसं पळायला येतात, आणि मी परत फिरते. घरी आल्यावर आपण खरंच गेलो होतो का, अशी शंका येते.

गेल्या रविवारी होळकर पुलावर गाडी आचके देऊन बंद पडली. बरोबर मध्यावर. नदीवर धुकं होतं, पुलाचे कठडेसुद्धा अर्धे त्यात गेलेले. मी काट्याकडे पाहिलं तर टाकी अर्धी भरलेली. म्हणून मी किल्ली फिरवत राहिले. मागून डंपर आला. त्याला मी धुक्यात दिसलेच नव्हते. शेवटच्या क्षणी त्यानं गाडी वळवली, माझा आरसा मात्र गेला. दूधवाल्या दोघांनी ढकलून मला पुलापलीकडे नेलं. टाकीत थेंब नव्हता.

काटा मात्र अजून अर्ध्यावरच आहे. यांनी गाडी शेवटची लावली तेव्हा असेल तिथेच. खरं सांगायचं तर तो दुरुस्त करावा असं मला वाटत नाही. पण पुलावरचं ते पुन्हा नको. काय करू?

तुमची,
हिरा

◆

फलटण
१३ ऑगस्ट २०२४

वहिनी,

जय भीम.

पत्र मिळालं. डंपरचा भाग दोनदा वाचला. तू जिवंत आहेस हे पत्राच्या शेवटापर्यंत गृहीत धरायचं होतं, म्हणून धरलं.

आधी एक सांगते. काटा शोक करत नाही. त्याला तेवढी अक्कल नसते. दादा टाकी कधी अर्ध्याच्या खाली जाऊ द्यायचा नाही, आणि अर्ध्याच्या फार वरही भरायचा नाही. त्याचा सगळाच कारभार मध्यावरचा. गाडी वर्षभर उभी राहिली. यातून काय झालं असेल याचा मला अंदाज आहे, पण अंदाजावर गाडी खोलत नाहीत. मुलांना मी हेच शिकवलं.

काटा खोटं बोलतो तेव्हा दोष तीन जागी असू शकतो. एक, समोरचा काटा स्वतः. दोन, टाकीपासून काट्यापर्यंत येणारी वायर. तीन, टाकीतला फ्लोट. तो पोकळ असतो, पेट्रोलवर तरंगतो. पेट्रोल कमी झालं की खाली येतो. त्याच्या दांडीचं टोक एका पट्टीवर घासत सरकतं, आणि ते कुठे टेकलंय त्यावरून समोर काटा हलतो. बस, एवढंच. यात गूढ काही नाही.

पहिलं काम सोपं. टाकी गळ्यापर्यंत भर. किलोमीटरचा आकडा शून्यावर आण. मग तुझ्या त्या तळ्या-बिळ्यावर जाऊन ये आणि काटा हलतो का बघ. तोवर काट्यावर नाही, किलोमीटरवर विश्वास ठेव. आणि धुक्यात जाऊ नकोस. चहा सांगायला गेलेला माणूस तळ्यावर नाही, हे मी तुला सांगायला हवं का?

हे कडक झालं. पण आता खोडत नाही.

कुसुम

◆

विश्रांतवाडी, पुणे
१ सप्टेंबर २०२४

प्रिय कुसुमताई,

सप्रेम जय भीम.

कडक झालं तर झालं. तुमच्या दादांनाही तुम्ही असंच बोलायचात आणि ते हसायचे. मलाही हसू आलं, बऱ्याच दिवसांनी.

टाकी भरली. काटा हलला नाही. आळंदीच्या रस्त्याला गेले, परत आले, दुसऱ्या रविवारी थेट खडकवासल्याला गेले. काटा तसाच. एकदा खड्ड्यात गाडी आपटली तेव्हा तो क्षणभर थरथरला, झोपेत माणूस कूस बदलतो तसा, आणि पुन्हा अर्ध्यावर.

खडकवासल्याला धरणाच्या भिंतीजवळ एक बाई मक्याची कणसं भाजत होती. तिनं विचारलं, "एकट्याच आलाय?" मी काय म्हणाले माहीत आहे? म्हणाले, "नाही, हे गाडीत आहेत." तिनं दोन कणसं दिली. मी दोन्ही खाल्ली. तुम्हाला हे सांगायला नको होतं, पण तुमच्याशिवाय कोणाला सांगू?

आता खरी अडचण. आयुषला कळलं. फुटलेला आरसा त्यानं पाहिला. तो आणि पूर्वा शनिवारी खराडीहून आले होते. पूर्वा म्हणाली, "आई, तुम्ही मस्त ड्राइव्ह करता, पण गाडी फार जुनी आहे हो." आयुष जेवून झाल्यावर बोलला. "आई, कॅब आहेत ना. अ‍ॅप मी शिकवलंय तुला. पुलावर काही झालं असतं तर मी स्वतःला काय सांगायचं?" मी म्हटलं, काटा नीट करते. तो म्हणाला, "काटा हा इश्यूच नाहीये, आई." डिसेंबरअखेरपर्यंत गाडी काढायची असं त्याचं म्हणणं. ओळखीचा कोणी घ्यायला तयार आहे.

तो चुकतोय असं मला म्हणवत नाही. बाप असा एका दुपारीत गेल्यावर पोरगं आईला जपणारच. पण ताई, गाडी गेली तर रविवारी सकाळी मी कुठे जाऊ?

तुमची,
हिरा

◆

फलटण
१४ सप्टेंबर २०२४

वहिनी,

जय भीम.

आयुषला मी काही सांगणार नाही. तू सांगशील, पण आधी काटा हलवून दाखव. बोलण्यापेक्षा ते बरं.

मागची सीट उचल. खाली पत्र्याचं झाकण आहे, त्याखाली टाकीवर वायरींचा एक प्लग आहे. किल्ली फिरव, पण इंजिन चालू करू नकोस. प्लग काढ. दादाच्या गाडीत प्लग काढल्यावर काटा खाली, रिकाम्यावर पडायला हवा. मग प्लगमधल्या बारीक वायरीचं टोक एका सुट्या वायरीनं गाडीच्या उघड्या पत्र्याला टेकव. क्षणभरच. काटा वर, पूर्ण भरलेल्यावर जायला हवा. गेला तर काटाही चांगला आणि वायरही चांगली. दोष टाकीत.

सगळ्या गाड्यांत असं नसतं, पण या गाडीत आहे. दादानं ती घेतली तेव्हा मीच तपासून दिली होती.

सकाळी कर. उघड्यावर. टाकीचं झाकण या वेळी उघडायचं नाही.

कागदाच्या एकाच बाजूला लिहिते आहे. पेन नवीन आहे, शाई पलीकडे उतरते. आणि तुझं अक्षर फार बारीक. केसपेपरवर लिहिल्यासारखं. दवाखान्यातून निवृत्त झालीस आता. मोठं लिही.

कुसुम

◆

विश्रांतवाडी, पुणे
२९ सप्टेंबर २०२४

प्रिय कुसुमताई,

सप्रेम जय भीम.

हे बघा, मोठं लिहिते आहे.

आज सकाळी केलं. पार्किंगमध्ये कोणी नव्हतं. मागची सीट उचलली तर खाली किती काय. आयुषचा लहानपणीचा एक मोजा, सुकलेली पिंपळाची पानं, आणि लवंगा. इतक्या लवंगा, ताई. यांच्या खिशातून पडून पडून तिथे साचलेल्या.

प्लग काढला. मागूनच वाकून समोर पाहिलं. काटा हळूहळू खाली गेला. जूनपासून ज्याला एका जागी पाहत होते तो असा निघाला. रिकाम्यावर जाऊन थांबला. मग वायर पत्र्याला टेकवली. तो उठला, अर्ध्यावरून सरळ पुढे गेला, तिथे रेंगाळलासुद्धा नाही, आणि पार वरच्या टोकाला जाऊन उभा राहिला. खोटं नाही सांगत, मी तिथेच बसून राहिले. वरच्या मजल्यावर कुणीतरी रेडिओ लावला होता आणि जिन्यातून ऊन खाली येत होतं. वाटलं, तो काटा कधीचा उठायला तयार होता.

म्हणजे दोष टाकीत. बरोबर ना?

आता एक विचारते. तुमचं अक्षर माझ्यापेक्षाही मोठं झालं आहे. दाबून, एका पानावर सात-आठ ओळी. मायना नाही, खुशाली नाही. तुम्ही रागावलात का? भावाची गाडी मी अशी रस्त्यावर घेऊन फिरते, तेही बायांना काहीबाही सांगत, हे तुम्हाला आवडलं नसेल तर स्पष्ट लिहा. तुम्ही स्पष्टच लिहिता, म्हणून तर तुम्हाला लिहिते.

तुमची,
हिरा

◆

फलटण
२० ऑक्टोबर २०२४

वहिनी,

जय भीम.

रागावले नाही. रागावले असते तर तुला कळलं असतं.

दोष टाकीत, बरोबर. पेट्रोल फार दिवस उभं राहिलं की चिकट होतं, डिंकासारखं. फ्लोटच्या दांडीचं टोक पट्टीवर जिथे वर्षानुवर्षं जास्त घासलं गेलं तिथे खाच पडते. दादाच्या बाबतीत ती मध्यावर. त्या खाचेत टोक बसलं, भोवती डिंक वाळला. तुझा काटा तिथे अडकला आहे. पट्टी तुटलेली नसेल तर स्वच्छ करून चालेल.

हे काम एकटीनं करायचं नाही. समर्थकडे ने. गॅरेजच्या आत नाही, बाहेर उघड्यावर करायला सांग. टाकीत पेट्रोल कमी असू दे. बॅटरीची वायर सोडल्याशिवाय टाकीच्या झाकणाला कोणी हात लावायचा नाही. जवळ मोबाइल नको, विडी-सिगारेट नको, दिवा नको. फ्लोट बाहेर आला की दांडी बोटानं हलवून बघ. कुठे अडते ते बोटाला कळतं. डोळ्यांची गरज नसते. मी मुलांना डोळे मिटून करायला लावायचे.

अंगणात ऊन आहे तोवर लिहिते. ऊन गेलं.

कुसुम

◆

विश्रांतवाडी, पुणे
५ नोव्हेंबर २०२४

प्रिय कुसुमताई,

सप्रेम जय भीम.

आधी काम सांगते, म्हणजे तुम्ही नीट ऐकाल. फ्लोट निघाला. तुम्ही म्हणालात तसंच, अगदी तसंच. दांडी मधोमध जाम. समर्थ म्हणाला, "काकू, गाडी उभी ठेवली ना, त्यानं झालंय. पार्ट वापरात असला म्हणजे चालतो." पट्टी शाबूत होती. त्यानं साफ केली, आणि मी डोळे मिटून दांडी हलवली. वर, खाली. कुठेच अडली नाही. झाकणाखालचं रबर नवीन बसवलं. पेट्रोल भरलं तसा काटा त्याच्याबरोबर चढत गेला.

आता दुसरं.

तुमचं पत्र मला वाचता आलं नाही. पहिला भाग आला. मधल्या ओळी एकावर एक लिहिलेल्या होत्या. "हात लावायचा" एवढं दिसत होतं, "नाही" दिसत नव्हतं. "बॅटरी" होतं, तिचं काय करायचं ते नव्हतं. मी पत्र खिडकीच्या काचेवर धरलं, उजेडात ओळी सुट्या होतील म्हणून. तरी झाल्या नाहीत. समर्थनं बॅटरी आधी सोडली ती त्याच्या सवयीनं. मी नुसत्या पत्रावर गेले असते तर काय झालं असतं ते मी लिहीत नाही.

मग तुमची सगळी पत्रं पलंगावर ओळीनं लावली. ऑगस्टचं अक्षर सरळ, जसं नेहमी असायचं. सप्टेंबरचं मोठं. आताचं उजवीकडे खाली घसरत गेलेलं. शेवटचा शब्द कागदाबाहेर गेला असणार, कारण तो अर्धाच आहे. कागदाला जळल्याचं एक छोटं भोकही आहे. भिंगातून ऊन पडलं की पडतं तसं.

तीस वर्षं मी वॉर्डात काढली, ताई. माणूस पाण्याचा पेला कसा उचलतो यावरून मी त्याची नजर सांगायचे. आणि तुम्ही मला तीन महिने लिहीत होतात, तर मी राग शोधत बसले.

तुम्हाला दिसतंय का?

मी फोन करत होते. तुम्ही उचलत नाही.

तुमची,
हिरा

◆

फलटण
२ डिसेंबर २०२४

वहिनी,

डावा डोळा गेला आहे. काचबिंदू. उजव्यानं समोरचं दिसतं, नळीतून बघितल्यासारखं. बाजूचं नाही.

दादा गेला त्याच्या आधीपासून आहे. तेव्हा सांगण्यासारखी वेळ नव्हती. नंतर तुझं पत्र आलं. लिहिता येतंय तोवर दिसतंय, असं मी धरून चालले होते. शिकवल्यासारखं वाटायचं. म्हणून फोन केला नाही. फोनवर सगळेच आंधळे.

तुझं पाच तारखेचं पत्र वाचायला मला आठवडा लागला. "हात लावायचा" वाचलं आणि पुढे वाचवेना. इतकी वर्षं शिकवलं, एका मुलाला भाजू दिलं नाही. तुला मी जाळलं असतं.

आता लिहीत नाही. तूही लिहू नकोस. इथे बरं चाललं आहे. शेजारच्या श्यामलाबाई भाकरी देतात. येऊ नकोस. काळजी केलेली मला आवडत नाही.

कुसुम

◆

विश्रांतवाडी, पुणे
८ डिसेंबर २०२४

(जाड काळ्या स्केचपेननं)

कुसुमताई,

रविवारी सकाळी येते.

गाडीनं. मी चालवत.

आयुषला सांगितलं आहे.

काळजी करायला येत नाही. घ्यायला येते.

हिरा

◆

फलटण
९ मार्च २०२५

प्रिय वहिनी,

सप्रेम जय भीम.

मायना घातला आहे, नोंद घे. श्यामलाबाईंच्या सुनेनं, सृष्टीनं, पुठ्ठ्याला चिरा पाडून दिल्यात. प्रत्येक चिरेत एक ओळ. पेन चिरेच्या बाहेर जात नाही. पुठ्ठा संपला की पान संपलं. ही युक्ती मला पन्नासाव्या वर्षी सुचायला हवी होती, तेव्हाही माझ्या ओळी काही सरळ नव्हत्या.

तू पुण्यात विचारलंस, त्या रविवारबद्दल मी काहीच का बोलले नाही. तेव्हा जमलं नाही. आता लिहिते.

तू आलीस तेव्हा मी दार उघडलं आणि पहिलं वाक्य म्हणाले, "येऊ नको म्हटलं होतं." तू म्हणालीस, "वाचता आलं नाही." मी बॅग भरली.

सगळ्यांना वाटतं आंधळ्याला रस्ता कळत नाही. मला तो रस्ता आयुष्यात तेवढा कधी कळला नव्हता. लोणंद गेलं ते कांद्याच्या वासानं कळलं. नीरेच्या पुलावर चाकांचा आवाज पोकळ झाला आणि माझ्या चेहऱ्यावर गार हवा आली. ऊस सुरू झाला की दोन्ही बाजूंनी सळसळ चालू राहायची, जणू गाडी पाण्यातून चालली आहे. उजव्या डोळ्याच्या त्या नळीत कधी पांढरं काही जायचं, कधी हिरवं. ते काय होतं ते मी विचारलं नाही. तू बोलत होतीस. "डावीकडे शाळा सुटल्यासारखी बगळ्यांची रांग. पुढे एक म्हातारा सायकलवर गवत नेतोय, गवतच दिसतंय, म्हातारा नाही." मग मी डोळे मिटले. मी झोपले नव्हते, वहिनी. तुला वाटलं असेल झोपले. घाटात तू गिअर बदलत होतीस तो आवाज ऐकत होते. दादासारखा नाही. तू क्लच जरा जास्त वेळ दाबतेस. पण चढलीस.

मध्ये मी विचारलं, पेट्रोल किती आहे. तू म्हणालीस, पाऊण.

डॉक्टरांचं तुला माहीतच आहे. डावा परत येणार नाही, उजव्याचं जेवढं उरलं तेवढं ऑपरेशननं राहील. दोन महिने आधी आला असतात तर, असं ते म्हणाले तेव्हा आयुषनं माझा हात धरला. मोठा झालाय. त्यानं सगळे कागद, सगळ्या वेळा फोनवरून अशा भराभर ठरवल्या की मला त्यातलं निम्मं कळलं नाही. गाडी काढायचं काय झालं म्हणून मी मुद्दाम विचारलं. म्हणाला, "आत्या, आता नको ना काढायला. तुला फलटण-पुणे कोण आणणार?" कॅबचं अ‍ॅप आहे की, मी म्हटलं. नंतर पूर्वानं सांगितलं, घेणाऱ्याला त्यानं तू इकडे निघालीस त्या सकाळीच नाही म्हणून कळवलं होतं. तू लोणंदच्या अलीकडे असशील तेव्हा. तुला फोन करायचं त्याचं धाडस झालं नाही. गाडी चालवताना उचलशील म्हणून.

आता एक गोष्ट जी तुला माहीत नाही.

ऑपरेशननंतर डोळ्यावरची पट्टी काढली त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी तू अंघोळीला गेली होतीस. मी जिना उतरले. कठड्याला धरून, हळू. पार्किंगमध्ये गाडी कुठे लावतेस ते तोंडपाठ होतं. पत्र्याला हात लावून लावून दार शोधलं. दार उघडं होतं, तू कधीच कुलूप लावत नाहीस, हे चुकीचं आहे. बसले. बसल्यावर कळलं की ही चालवणाऱ्याची बाजू आहे.

दादाच्या जागेवर मी कधी बसले नव्हते. गाडी त्यानं घेतली तेव्हा मी खाली वाकून, टॉर्च लावून, सगळं तपासलं, पण "चालवून बघ" म्हणाला तर म्हटलं, तुझी आहे, तूच चालव. स्टिअरिंगवर हात ठेवले. एका जागी ते गुळगुळीत झालं आहे, डाव्या हाताच्या अंगठ्याखाली. तिथे त्याचा अंगठा असायचा. तो गेला त्या दिवशी मी फलटणहून आले होते, लोकांना चहा दिला, खुर्च्या मोजल्या, तुला धरलं. त्या दिवशी डोळ्यांत थेंब आला नाही. डॉक्टर म्हणतात, डोळ्यांत आतलं पाणी तुंबलं की काचबिंदू होतो. हे त्या पाण्याचं नाही ते मला कळतं. पण त्या जागेवर बसून मी रडले. ऑपरेशननंतर रडू नका असं सांगितलं होतं तरी.

थोड्या वेळानं पलीकडचं दार उघडलं. तू बसलीस. साबणाचा वास आला. तुला वाटलं असेल मी गाडी बघायला उतरले. किंवा वाटलं नसेल. आपण तिथे बसलो. कोणी स्कूटर काढली, कोणी पोराला शाळेत सोडायला निघालं, मांजर बॉनेटवर चढून उतरलं. मला समोर एक उजेडाचा तुकडा दिसत होता, फाटकाचा असेल. त्यातून माणसं जायची, आली की काळी व्हायची, गेली की उजेड पुन्हा भरायचा. खूप सुंदर होतं ते. मला वाटलं, एवढं राहिलं तरी चालेल.

वरून पूर्वाची हाक आली म्हणून आपण उठलो. नाहीतर किती वेळ बसलो असतो कोण जाणे.

घर बंद करून तिकडे राहायला ये म्हणतेस. एकदम नाही येणार. माझी तुळस, माझी हत्यारांची पेटी, श्यामलाबाईंची भाकरी. उन्हाळ्याचे दोन महिने येईन. ते झाल्यावर पुढचं बघू. तुझ्या इमारतीतल्या त्या दोघी-तिघी म्हणत होत्या ना, गाडीचं बॉनेट उघडलं की आत काय असतं ते आम्हाला कोणी सांगतच नाही? त्यांना सांग, हाताला काळं लागलेलं चालत असेल तर सकाळी खाली या.

रविवारी निघ. घाई करू नकोस. मी फाटकाशी उभी असेन. उजव्या डोळ्याच्या समोर ये, तिथे मला दिसतेस.

तुझी,
कुसुम